पारदर्शकतेची खिडकी रुंद का येते?

शिरपूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी रुबिडियमची बाष्प-सेल आणि ७८० नॅनोमीटरचे दोन डायोड लेसर घेऊन ईआयटीचा (इलेक्ट्रोमॅग्नेटिकली इंड्यूस्ड ट्रान्सपरन्सी, म्हणजे प्रकाशानेच घडवलेली पारदर्शकता) प्रयोग मांडला आहे. यात कपलिंग नावाच्या एका लेसरने अणूंची अशी स्थिती करायची असते की प्रोब नावाच्या दुसऱ्या लेसरचा जो प्रकाश एरवी शोषला गेला असता तो आरपार जावा. दोन्ही लेसरची वर्णरेषा २ मेगाहर्ट्झ रुंद असून कोहेरन्स लांबी १०० मीटरपेक्षा जास्त असल्याचे विक्रेत्याने लिहून दिले आहे. तरीही पुस्तकातल्यासारखी सुईएवढी खिडकी (प्रोब ज्यात आरपार जातो तो वारंवारतेचा पट्टा) न येता सुमारे ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा एक उथळ उंचवटा तेवढा दिसतो. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. याहून अधिक कोहेरंट लेसर विकत घ्यावा का, आणि खिडकीत शोषण होतच नसेल तर तो प्रकाश अणूंशी काही देवाणघेवाण करतो की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे गुंतलेले आहेत: लेसर आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला दिसते ते असे की दोन्ही किरण सेलमध्ये एकमेकांना लहानशा कोनात छेदतात आणि पुढे एक मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर दूर जातात, म्हणजे फोटोडायोडवर फक्त प्रोब पडावा. सेलमध्ये बफर वायू (अणूंची धाव अडवणारा निष्क्रिय वायू) नाही आणि भोवती चुंबकीय कवचही नाही. समोर टेबल नसताना सल्ला देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे याची मला जाणीव आहे, त्यामुळे माझे निदान काही गोष्टींवर अवलंबून राहील: दोन्ही किरणांची शक्ती किती, व्यास किती, सेल किती तापवली आहे आणि ते ८ मेगाहर्ट्झ तुम्ही कशावरून मोजले. शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. रुबिडियम-८५ च्या डी-२ रेषेत, म्हणजे तुमच्या ७८० नॅनोमीटरच्या शोषणरेषेत, वरच्या एफ = ३ आणि एफ = ४ या पातळ्यांत (एफ हा पातळी ओळखण्याचा क्रमांक) १२०.६ मेगाहर्ट्झचे अंतर आहे आणि संपृक्त शोषणाच्या (अणूंच्या धावण्याने पसरट झालेल्या रेषेतील बारीक रेषा वेगळ्या दाखवणाऱ्या पद्धतीच्या) आलेखात ते अंतर सहज सापडते. ऑसिलोस्कोपचा आडवा अक्ष त्यावरून बेतला असेल तर ८ हा आकडा मी मान्य करतो. लेसरच्या चालकावर लिहिलेल्या ‘इतक्या व्होल्टला इतके मेगाहर्ट्झ’ यावरून काढला असेल, तर आधी तो पुन्हा मोजा.

आता मूळ अडचण. ती लेसरच्या दर्जाची नसून ‘कोहेरन्स’ या शब्दाची आहे. मराठी पुस्तकांत त्याला कलासंबद्धता म्हणतात (कला म्हणजे फेज, लहरीच्या दोलनाची त्या क्षणीची अवस्था), आणि तो शब्द खरे तर अधिक बोलका आहे, कारण संबद्धता म्हटले की कोणाची कोणाशी असा प्रश्न आपोआप येतो. बी.एस्सी.ला तुम्ही मायकेलसनच्या व्यतिकरणमापीवर सोडियमचा दिवा लावून पट्टे पाहिले असतील. आरसा सरकवत गेले की पट्टे एका जागी नाहीसे होतात, तेथून सुमारे ०.२९ मिलिमीटर आणखी सरकवला की ते पुन्हा नाहीसे होतात आणि अधेमध्ये ते स्पष्ट दिसतात. पट्टे गेले तेव्हा प्रकाश कोठेही गेलेला नसतो. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर या दोन रेषांच्या पट्ट्यांची एकमेकांशी गाठ चुकलेली असते, इतकेच. म्हणजे कलासंबद्धता ही नेहमी दोन गोष्टींच्या तुलनेची बाब आहे. विक्रेत्याने सांगितलेली लांबी ही एका लेसरची त्याच्या स्वतःच्या थोड्या वेळापूर्वीच्या रूपाशी असलेली संबद्धता आहे. प्रकाशाच्या वेगाला २ मेगाहर्ट्झने भागले की १५० मीटर येतात, आणि पाय (π) हा घटक घेऊन भागले तर ४८ मीटर. विक्रेते पहिला आकडा छापतात. त्यात खोटे काही नाही, पण तुमच्या प्रयोगाला त्यातला कोणताच आकडा फारसा लागू पडत नाही. तुमच्या सेलची लांबी काही सेंटिमीटर आहे.

तुमच्या प्रयोगात ज्या दोन गोष्टींची तुलना होते त्या वेगळ्याच आहेत, आणि त्यासाठी शोषण म्हणजे काय हे क्षणभर नीट पाहावे लागेल. अणू फोटॉन ‘गिळतो’ ही भाषा सोयीची असली तरी येथे ती वाट चुकवते. प्रकाशाच्या दोलायमान विद्युतक्षेत्राने अणूतील खालची आणि वरची पातळी यांचे अध्यारोपण होते, म्हणजे अणू एकाच वेळी दोन्हींत असतो, आणि अणूत एक दोलायमान द्विध्रुव (मागेपुढे हलणारी धन-ऋण प्रभारांची जोडी) तयार होतो. तो स्वतः प्रकाश फेकतो, पण पुढच्या दिशेने फेकलेला त्याचा प्रकाश मूळ किरणाच्या विरुद्ध कलेत असतो आणि त्याला खोडतो. किरण क्षीण होतो तो असा. अणूंची स्थिती मांडणाऱ्या डेन्सिटी मॅट्रिक्स नावाच्या चौकोनी तक्त्यात कर्णावरील पदे कोणत्या पातळीवर किती अणू आहेत हे सांगतात आणि कर्णाबाहेरील पदे हा द्विध्रुव सांगतात. त्या पदांनाच कोहेरन्स असे नाव आहे. वरच्या पातळीचे आयुष्य रुबिडियमच्या डी-२ रेषेसाठी २६ नॅनोसेकंद आहे, म्हणून रेषेची नैसर्गिक रुंदी ६ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. हा द्विध्रुव इतका अल्पायुषी असतो की त्याला जपण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

ईआयटीत जपायची असते ती खालच्या दोन पातळ्यांमधील कोहेरन्स. रुबिडियम-८५ मध्ये एफ = २ आणि एफ = ३ या त्या दोन पातळ्या, ३.०३६ गिगाहर्ट्झ अंतरावर. दोन्हींपासून वरच्या एकाच पातळीकडे वाट आहे, एकीवर प्रोब आहे आणि दुसरीवर कपलिंग. अणू खालच्या दोन पातळ्यांच्या एका विशिष्ट अध्यारोपणात गेला, की दोन वाटांनी वर नेणारे आयाम एकमेकांना खोडतात. वरची पातळी रिकामी राहते, द्विध्रुव तयार होत नाही आणि शोषण थांबते. या स्थितीला अंधारी स्थिती म्हणतात, कारण त्यातला अणू चकाकत नाही.

हे वर्गात सांगताना मी आखाजीचा झोका वापरतो, कारण खानदेशात तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर कोणी बसले आहे, एकजण पुढून लोटतो आहे आणि एकजण मागून. दोघांनी सारख्याच जोराने, त्याच क्षणी, विरुद्ध दिशांना लोटले तर दोघेही घामाघूम होतील आणि झोका जागचा हलणार नाही. आता लक्ष द्या: दोघांचा ठेका मिळून हळू झाला किंवा मिळून जलद झाला, तरी झोका स्थिरच राहतो. पण प्रत्येकाने आपापल्या मनाशी आकडे मोजत लोटायला सुरुवात केली, तर ते दोघे कितीही तालात असोत, थोड्या वेळाने ठेका चुकतो आणि झोका हलू लागतो. या उपमेत एक गोष्ट बसत नाही. अणूत धक्क्यांची बेरीज खालच्या दोन पातळ्यांमधील कलेवरही ठरते, आणि प्रकाशाच्या कलांमधील फरक सावकाश बदलला तर अणू स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घेतो. पण मुख्य मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. तुमच्या दोन लेसरांची प्रत्येकी शुद्धता दुय्यम आहे. त्यांच्या कलांमधील फरक किती वेळ टिकतो हे प्रमुख आहे. दोन स्वतंत्र लेसरांचा तो फरक टिकत नाही. प्रत्येकी २ मेगाहर्ट्झ असतील तर फरकाची रुंदी साधारण बेरजेइतकी, म्हणजे ४ मेगाहर्ट्झ होते.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. १९७६ मध्ये इटलीत पिसा येथे अल्झेटा, गोझिनी, मोई आणि ओरिओल्स यांनी सोडियमच्या बाष्पात हा परिणाम प्रथम पाहिला तेव्हा त्यांच्याकडे अनेक वारंवारता एकाच वेळी देणारा डाय लेसर होता. आजच्या मापाने पाहिले तर तो शुद्ध मुळीच नव्हता. पण त्या सगळ्या वारंवारता एकाच पोकळीतून येत असल्यामुळे त्यांच्यातील फरक स्थिर होता. सेलच्या लांबीवर बदलत जाणारे चुंबकीय क्षेत्र लावले, आणि जेथे हा फरक सोडियमच्या खालच्या पातळ्यांमधील अंतराशी जुळला तेथे पिवळ्या चकाकीत काळी रेघ उमटली, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. ईआयटी हे नाव पुढे १९९० मध्ये हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, आणि १९९१ मध्ये स्टॅनफर्डला स्ट्राँशियमच्या बाष्पात ते दाखवले. त्याहून ठळक उदाहरण चिपएवढ्या अणुघड्याळांचे आहे. अमेरिकेतील एनआयएसटी या मापन-प्रमाणांच्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये असे घड्याळ दाखवले. त्या जातीच्या घड्याळांतील चिमुकल्या व्हीसीएसईएल (चिपच्या पृष्ठभागातून प्रकाश सोडणाऱ्या) लेसरची रेषा कित्येक दहा मेगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे तुमच्या लेसरपेक्षा ती फार वाईट म्हणावी लागेल, आणि तरीही मिळणारी अंधारी रेषा किलोहर्ट्झच्या घरातली असते. कारण दोन्ही किरण एकाच लेसरवर सूक्ष्मतरंगांचे मॉड्युलेशन देऊन काढलेले असतात. जो काही गोंधळ असतो तो दोघांत सारखाच असतो, आणि वजाबाकीत तो निघून जातो.

पण तुमच्या ८ मेगाहर्ट्झपैकी ४ चाच हिशेब आतापर्यंत लागला. उरलेल्याचा मोठा भाग माझ्या मते त्या लहानशा कोनात आहे. आपण असे धरून चालतो की दोन्ही किरण एकाच दिशेने जात असले की धावत्या अणूला दोन्हींचे डॉप्लर विस्थापन (वेगामुळे वारंवारतेत भासणारा बदल) सारखे दिसते आणि फरकात ते खोडले जाते. हे खरे आहे. तंतोतंत समांतर किरणांसाठी उरलेले विस्थापन केवळ दोन-तीन किलोहर्ट्झचे असते. कोन आला की हे गणित बिघडते, कारण आता आडव्या दिशेने जाणाऱ्या अणूला दोन किरण वेगवेगळे दिसतात. नेहमीच्या तापमानाला रुबिडियमच्या रेषेची डॉप्लर रुंदी ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. एक मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे एक शतांश रेडियन, आणि ५०० चा शंभरावा भाग झाला ५ मेगाहर्ट्झ. तुम्ही तो कोन फोटोडायोडच्या सोयीसाठी ठेवला आणि त्याने लेसरहून अधिक नुकसान केले. अशा वेळी नवा लेसर घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हे आकडे सरळ मिळवायचे नसतात, आणि कपलिंगची शक्ती वाढवली की खिडकी त्यानेही रुंदावते, तेव्हा ४ आणि ५ मिळून ९ होतात म्हणून हिशेब जुळला असे मी म्हणणार नाही. मोठे चोर कोणते आहेत एवढे मात्र त्यातून कळते.

उरलेले चोर लहान आहेत, पण पुढे तेच त्रास देतील, म्हणून त्यांचीही ओळख करून देतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे. रुबिडियम-८५ च्या खालच्या उपपातळ्या एका गॉसला ०.४७ मेगाहर्ट्झने फाकतात, म्हणजे नुसत्या पृथ्वीमुळे शेजारच्या उपपातळ्यांत २०० किलोहर्ट्झच्या आसपास फाक पडते आणि एका रेषेच्या अनेक रेषा होतात. दुसरा चोर म्हणजे अणूंची चंचलता: रुबिडियमचा अणू सेकंदाला सरासरी २७० मीटर धावतो, तेव्हा दोन मिलिमीटरचा किरण तो सात-आठ मायक्रोसेकंदांत ओलांडतो आणि आपली कला घेऊन बाहेर जातो. त्याची किंमत काही दहा किलोहर्ट्झ. बफर वायू याचसाठी भरतात. निऑनच्या गर्दीत अणू अडखळत राहतो आणि किरणात अधिक काळ टिकतो.

चुंबकीय क्षेत्राबद्दल एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत काम करीत होतो तेथे आम्हाला जवळपास तीन आठवडे एक डळमळणारी रेषा दिसत होती. ऑसिलोस्कोपवर ती डावीकडे-उजवीकडे सळसळत असे आणि सरासरी घेतली की पसरट होऊन जाई. आम्ही लेसरचा करंट, त्याचे तापमान, आरशांचे स्क्रू, सगळे तपासले. शेवटी एका संध्याकाळी कंटाळून मी ऑसिलोस्कोपचा ट्रिगर ‘लाइन’वर टाकला आणि रेषा जागच्या जागी थिजली. म्हणजे तिची थरथर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेशी बांधलेली होती. खाली वाकून पाहिले तर सेलच्या बरोबर खाली, टेबलाच्या फळीवर, व्होल्टेज स्टॅबिलायझर ठेवलेला होता. आपल्याकडे व्होल्टेजचे जे खेळ चालतात त्यामुळे तो प्रत्येक उपकरणाला असतोच. रोहित्राचे बाहेर सांडणारे क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होते. तो दोन मीटर दूर भिंतीशी नेला आणि रेषा शांत झाली. तुम्हीही पहिल्याच दिवशी ट्रिगर ‘लाइन’वर टाकून पाहा, त्याला खर्च काही नाही. सेल तापवण्याची तारही तपासा. ती एकेरी गुंडाळलेली असेल तर ती एक सोलेनॉइडच आहे. जाण्याची आणि येण्याची तार पिळून एकत्र गुंडाळावी, किंवा नोंद घेताना हीटर बंद करावा.

तापवण्यावरून आठवले. तुम्ही प्रकल्पाच्या नोंदी डिसेंबरात सुरू करून मेमध्ये संपवणार असाल, तर सेलचे तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहा. रुबिडियम ३९.३ अंशांना वितळते. जळगाव-भुसावळकडे मेच्या दुपारी वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत हीटर न लावताही सेलच्या टोकाशी असलेला चंदेरी कण मऊ होऊन थेंबासारखा गोल झालेला मी पाहिला आहे. दिसायला मजेशीर आहे, पण २५ अंशांवरून ४३ अंशांवर जाताना बाष्पाची घनता सहापटीच्या आसपास वाढते, आणि हिवाळ्यात अर्धा प्रकाश सोडणारी सेल मेमध्ये रेषेच्या मध्यभागी जवळजवळ काहीच सोडत नाही. विद्यार्थी मग समजतात की आपली जुळणी बिघडली. सेल तापवायची असेल तर तिची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा थोडी गरम ठेवा, नाहीतर धातू नेमका खिडक्यांवर जमतो आणि काच आरशासारखी होते. डायोड लेसरलाही उन्हाळा सोसत नाही: त्याचे तापमान एका अंशाने बदलले तर वारंवारता सुमारे ३० गिगाहर्ट्झने सरकते, त्यामुळे त्याला थंड ठेवणारा पेल्टियर दमला की लेसर रुबिडियमची रेषा सोडून भटकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खिडकीतून जाणारा प्रकाश अणूंशी देवाणघेवाण करतो का? करतो, आणि ती बारकाईने पाहिली तर शोषणापेक्षा अधिक रंजक आहे. सुरुवातीच्या काही मायक्रोसेकंदांत अणू थोडे चकाकतात, कारण अंधाऱ्या स्थितीत पोचेपर्यंत त्यांना वर जाऊन खाली पडावे लागते. ती किंमत एकदा दिली की चकाकी मावळते. पण अंधारी स्थिती ही प्रोब आणि कपलिंग यांच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे प्रोबचा एखादा स्पंद आत येताना प्रत्येक अणूला आपले अध्यारोपण थोडे बदलावे लागते आणि स्पंद निघून गेल्यावर पूर्ववत व्हावे लागते. स्पंदाचा काही भाग तेवढा वेळ अणूंच्या कोहेरन्सच्या रूपात साठतो आणि मागाहून परत मिळतो. परिणाम असा की स्पंद शोषला जात नाही, पण फार सावकाश चालतो. १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने अतिशीत सोडियममध्ये प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटर इतका मंद केला. म्हणजे आपली पॅसेंजर गाडी त्याच्या सोबतीने चालली असती. २००१ मध्ये कपलिंग मध्येच बंद करून स्पंद अणूंत ठेवून देणे आणि कपलिंग पुन्हा लावून तो बाहेर काढणेही साधले, त्यातला एक प्रयोग तुमच्यासारख्याच रुबिडियमच्या बाष्पात झाला. खिडकी जितकी अरुंद तितका स्पंद मंद. म्हणून खिडकीच्या रुंदीचा हा सगळा आटापिटा.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावी लागते, आणि ती तुमच्या मार्गदर्शकांना थोडी कडू वाटेल. तुम्हाला दिसलेला ८ मेगाहर्ट्झचा उंचवटा हा ईआयटी आहे असे त्याच्या रुंदीवरून सिद्ध होत नाही. कपलिंग लेसर अणूंना एका खालच्या पातळीवरून दुसरीकडे हाकलतो आणि त्यानेही प्रोबचे शोषण बदलते. या पातळ्यांवरच्या केवळ संख्याबदलाला कलेशी काही देणेघेणे नसते, आणि त्याने येणारी रचना नैसर्गिक रुंदीपेक्षा, म्हणजे ६ मेगाहर्ट्झपेक्षा, अरुंद असू शकत नाही. दुसरीकडे, कपलिंग फार जोरकस असेल तर वरची पातळीच दुभंगते, ज्याला १९५५ च्या शोधनिबंधावरून ऑटलर-टाउन्स दुभाजन म्हणतात, आणि त्या दोन शिखरांमधली दरी पाहूनही लोक ईआयटी मिळाली असे लिहून टाकतात. ६ पेक्षा स्पष्टपणे अरुंद रेषा, आणि तीही क्षीण कपलिंगवर, हा कोहेरन्सचा विश्वासार्ह पुरावा आहे.

तो मिळवण्यासाठी मी असे करीन. आधी कोन काढून टाकीन. प्रोब आणि कपलिंग यांचे ध्रुवण एकमेकांना काटकोनात ठेवून ध्रुवण-विभाजक घनाने दोन्ही किरण एकावर एक आणावेत, सेलनंतर तशाच दुसऱ्या घनाने वेगळे करावेत. दोन मीटर अंतरावर दोन आयरिस (छिद्र लहान-मोठे करता येणारे पडदे) ठेवून दोन्ही किरण दोन्हींतून जातात याची खात्री करावी. फक्त एवढ्याने रुंदी ५ च्या आसपास उतरली तर निदान बरोबर होते. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला अगदी फिका लाल दिसतो, प्रत्यक्षात तो बराच तीव्र असतो. ही जुळणी करताना लेसरपासून संरक्षण देणारा चष्मा काढू नका आणि डोके किरणाच्या पातळीवर आणू नका.

त्यानंतर मी दुसरा लेसर चक्क बंद करीन. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका लेसरने मिळते. रेषीय ध्रुवित प्रकाश म्हणजे उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशांची बेरीज, आणि हे दोन भाग एकाच लेसरचे असल्यामुळे त्यांच्या कलांमधला फरक पूर्ण स्थिर असतो. ते एकाच खालच्या पातळीतील दोन चुंबकीय उपपातळ्यांना जोडतात. लेसरची वारंवारता स्थिर ठेवायची आणि सेलभोवतीच्या सोलेनॉइडने किरणाच्या दिशेतील क्षेत्र शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.३ गॉसपर्यंत फिरवायचे. क्षेत्र शून्य असते तेव्हा उपपातळ्या एकाच उंचीवर असतात, अंधारी स्थिती टिकते आणि फोटोडायोडचा संकेत वर जातो. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग मात्र आधी मोडावा लागेल. त्यासाठी हेल्महोल्ट्झ कुंडल्या (एकमेकींसमोर ठेवलेल्या तारेच्या दोन सारख्या कुंडल्या) पुरतात: १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या, प्रत्येकी २० वेढ्यांच्या जोडीत एका अँपिअरच्या तिसऱ्या भागाइतका प्रवाह सोडला की ०.४ गॉस मिळतात. किरणाचा व्यास वाढवून काही मिलिमीटर करा आणि तीव्रता एका चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉटच्या खाली ठेवा. रेषेची रुंदी ०.१ गॉस आली, तर रुबिडियम-८५ साठी ती दोन उपपातळ्यांच्या फरकात ९० किलोहर्ट्झच्या आसपास बसते. तोच २ मेगाहर्ट्झचा लेसर, आणि त्याच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढी रेषा.

एका ठिकाणी मात्र फसायला होते. डी-२ रेषेवर लेसर सावकाश फिरवला की शोषणाचे चार खड्डे दिसतात. कमी वारंवारतेकडून मोजले तर पहिला आणि चौथा रुबिडियम-८७ चे, मधले दोन रुबिडियम-८५ चे. दुसरा सर्वांत खोल असल्यामुळे विद्यार्थी लेसर त्यावरच उभा करतात, आणि मग शून्य क्षेत्राशी पारदर्शकतेऐवजी शोषण वाढलेले दिसते. जोडणी उलटी लागलेली नसते. पहिल्या दोन खड्ड्यांत वरच्या ज्या पातळीकडे जाणारी वाट सर्वांत प्रबळ आहे तिचे एफ खालच्यापेक्षा एकाने जास्त असते, तेथे अंधारी स्थिती तयारच होत नाही आणि कोहेरन्स शोषण वाढवण्याचे काम करते; १९९८ मध्ये अकुलशिन, बारेरो आणि लेझामा यांनी हे दाखवले आहे. लेसर तिसऱ्या खड्ड्यावर न्या, चौथ्यावरही चालेल, पण आपल्या तापमानाला तिसऱ्यावर संकेत अधिक ठळक मिळतो. नंतर मुद्दाम दुसऱ्यावर या आणि शिखर उलटे झालेले पाहा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून अहवालात लावले तर तोंडी परीक्षेत विचारायला परीक्षकांना आणि सांगायला तुम्हाला पुरेसे साहित्य मिळेल.